सात आणि बारा

दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. मार्चचं ऊन, रिक्षा एकही थांबेना, म्हणून समोरच्या रसवंतीत जाऊन बसलो. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते, आल्याचा आणि लिंबाचा वास येत होता. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या उजव्या गालावर पट्टीचा वळ अजून तसाच होता. त्यांनी पेला हातात घेतला पण तोंडाला लावला नाही. फेस खाली बसेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले आणि मग, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं म्हणाले, “मी खोटं दाबलं गं. तीन-चार वेळा तरी. दिवा दिसला नव्हता, तरी दाबलं.” मी हसले. म्हटलं, “असू द्या हो अण्णा, एवढं काय त्यात!” त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, रस एका दमात संपवला आणि पेला खाली ठेवला. घरी पोचेपर्यंत तोंडातून अक्षर नाही.

ते ‘एवढं काय त्यात’ दीड वर्ष झालं तरी मला सलतंय.

फील्ड टेस्ट म्हणजे नजर आजूबाजूला कुठवर पोचते याची तपासणी. तिच्या खोलीला दार नव्हतं, जाड काळा पडदा होता. आत एका मशीनला पांढरीशुभ्र, अर्ध्या गोलासारखी पोकळी. तिच्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा. “समोरच्या पिवळ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आजोबा, बाजूला कुठंही लाइट चमकला की बटण दाबायचं,” असं तिथल्या मुलीनं एका श्वासात सांगितलं आणि पडदा ओढला. मी बाहेरच्या बाकावर मुलांच्या वह्या मांडीवर घेऊन बसले, पण एकही वही तपासून झाली नाही. कान आत लागले होते. टक्. टक्. मग काहीच नाही. पुन्हा टक्. मग एवढी लांब शांतता की पंख्याची करकर ऐकू यायला लागायची. त्या शांततेत काय चाललंय हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. दिवे लागतायत आणि अण्णांना दिसत नाहीयेत, का मशीनच थांबलंय? मी मनातल्या मनात म्हणत होते, दाबा ना अण्णा, दाबा. आपण काय मागतोय याचा विचार तेव्हा केला नाही.

अण्णा तलाठी होते. कोरेगाव तालुक्यातल्या सहा-सात गावांत त्यांची नोकरी झाली. लहानपणी सुट्टी असली की पीक पाहणीला मी त्यांच्या मागे लागायची. थंडीत निघायचं, दवानं पाय भिजायचे, फ्रॉकला कुसळं चिकटायची, शाळूचं पान दंडावरून घासून गेलं की बारीक लाल रेघ उठायची. करडईच्या कडेनं चालताना अण्णा मला कडेवर घ्यायचे, काट्यांपायी. प्रत्येक बांधावर ते थांबायचे, वही डाव्या हातावर उघडी ठेवायचे, रानाकडे पाहायचे, मग खाली बघून लिहायचे. शाळू. हरभरा. पावसाळ्यात आलं की बाजरी, वाघ्या घेवडा. चावडीत बसून गेल्या वर्षीचंच उतरवून काढणारे लोकही असतात, हे मला फार नंतर कळलं. अण्णांना ते जमायचं नाही. एकदा एका रानाच्या बांधावर ते बराच वेळ उभे राहिले. रान मोकळं होतं, ढेकळं आणि मधूनमधून हराळी. रानाचा मालक मागोमाग आला. त्याला सोसायटीचं कर्ज हवं होतं. “हरभरा लिवा अण्णासाहेब, नुसतं लिवायचंच हाय. कुणाचं काय जातंय?” त्याच्या आवाजातली अजिजी मला अजून ऐकू येते, कारण तो माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप होता. अण्णांनी लिहिलं, ‘पड’. खाली तारीख टाकून आखूड सही केली. परत येताना त्या घरचं ताक आम्ही प्यायलो नाही. वाटेत मी विचारलं, लिहिलं असतं तर काय झालं असतं? ते म्हणाले, “डोळ्याला दिसेल तेवढंच कागदावर, बाळ.” ते त्या माणसावर रागावले नव्हते. दोन दिवस मात्र नीट जेवले नाहीत.

अशा अण्णांनी न दिसलेल्या दिव्याला होकार दिला होता.

तसं पाहिलं तर अण्णांच्या डोळ्यांची तक्रार आम्हीच उशिरा ऐकली. ऐकण्यासारखं ते काही बोलतही नव्हते. पेपर अगदी शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. पण चहाचा कप स्टुलाच्या कडेवर ठेवायचे आणि तो खाली जायचा. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. बांधावरनं चालताना पाय घसरायचा, आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. तालुक्याला एकदा दाखवलं तेव्हा ‘मोतीबिंदू आहे, पिकू द्या’ एवढंच ऐकून आलो आणि दोन वर्षं निवांत राहिलो. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही जोडी आपल्याकडे चुलतभावांसारखी बोलली जाते, एकाला हाक मारली की दुसरा ओ देतो. पण मोतीबिंदू भिंग गढूळ करतो, ते भिंग काढून दुसरं बसवता येतं. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नसच झिजत जाते आणि गेलेला धागा परत येत नाही. पुण्यात आणलं तेव्हा डोळ्यातलं प्रेशर २७ निघालं. साधारण १० ते २१ च्या मधे असावं लागतं. अर्थात प्रेशर नेमकं असूनही काहींची नस झिजते आणि वाढलेलं असून काहींची वर्षानुवर्षं शाबूत राहते, त्यामुळे एवढ्या एका आकड्यावर कुणी निकाल देत नाही. मला मात्र त्या दिवशी काचबिंदूतला ‘काच’ वेगळाच ऐकू आला. परकराच्या नाडीचा काच, बैलाच्या मानेला दोरीचा काच. घट्ट बसलेल्या जागी कातडी आधी लाल होते, मग बधिर होते, आणि बधिर झाल्यावर दुखतच नाही.

मी अण्णांना विचारलं होतं, “तिथं काळं दिसतं का?” ते जरा वैतागूनच म्हणाले, “काळं कशाला दिसेल? सगळं दिसतंय मला.” ते खरंच बोलत होते. काचबिंदूची चित्रं काढतात त्यात चौकटीभोवती गडद काळोख रंगवलेला असतो, पण बहुतेक माणसांना तसा काळोख दिसत नाही. जिथून खबर येणं थांबलं ती जागा मेंदू आजूबाजूच्या रंगानं सारवून घेतो. जिथं पायरी आहे तिथं सपाट फरशीच आहे असं वाटतं. तुमच्या-माझ्या प्रत्येक डोळ्यात अशी एक जागा जन्मापासून असते. नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथं पाहणाऱ्या पेशीच नसतात, आणि नजरेच्या मध्यापासून कानाच्या बाजूला साधारण १५ अंशांवर एक आंधळा ठिपका राहतो. १७व्या शतकात मारिओत नावाच्या फ्रेंच माणसानं तो शोधला, तोवर माणसाला आपल्या नजरेला भोक आहे हे माहीत नव्हतं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच ओळखलं. “पोटखराबा,” ते म्हणाले. प्रत्येक गटात थोडी जागा अशी असतेच, खडक, ओघळ. तिथं पीक येत नाही आणि तिचा कुणी हिशेबही मागत नाही. मशीन त्याचाही उपयोग करून घेतं. मधूनच नेमक्या त्या आंधळ्या ठिपक्यावर दिवा टाकतं. तो दिसला असं माणूस म्हणाला, तर नजर जागेवरून हललेली आहे.

फील्डच्या आधी ओसीटी, म्हणजे प्रकाशानं डोळ्यातले थर मोजणारं स्कॅन, झालं होतं आणि ते अण्णांना आवडलं होतं. “हे बरं,” ते म्हणाले, “काही विचारत नाही. बसा म्हणतं, उठा म्हणतं.” काही सेकंदांचं काम. डोळ्याला स्पर्श नाही, इंजेक्शन नाही. साध्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा प्रकाश आत सोडायचा, डोळ्यातल्या पडद्याच्या वेगवेगळ्या थरांवरून तो परततो, आणि परत येण्यातल्या सूक्ष्म फरकावरून कुठला थर किती खोल आहे हे काढायचं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फुजिमोतो, हुआंग, स्वॉन्सन आणि त्यांच्या नेत्रतज्ज्ञ सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या पद्धतीवरचा पहिला निबंध छापला. इतक्या अलीकडची गोष्ट आहे ती. त्या वर्षी अण्णा बांधाबांधावरून फिरत होते आणि मी त्यांच्या मागे होते. संगणकाच्या पडद्यावर उमटलेलं चित्र मी त्या मुलीच्या खांद्यावरून पाहिलं. नदीच्या कापलेल्या दरडीसारखे थर, काही उजळ, काही मंद, मध्ये नसेची घळ. या घळीतून दहा-बारा लाख धागे मेंदूकडे जातात आणि ते घळीत उतरायच्या आधी वर-खाली दोन जाड जुड्या करून येतात. त्यांची जाडी आलेखावर मांडली की निरोगी डोळ्यात दोन टेकड्या दिसतात. अण्णांच्या उजव्या डोळ्यातली वरची टेकडी बसलेली होती. शंभरच्या वर मायक्रॉन असायला हवेत तिथं ६८. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो म्हणतात. म्हणजे आम्ही केसभर जाडीचा हिशेब करत होतो. डाव्या डोळ्यातही वरच्या बाजूलाच थोडी घट होती.

गुरुवारी डॉक्टर मॅडमनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. डावीकडे ओसीटीचा, हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांचा. उजवीकडे फील्डचा, करड्या ठिपक्यांचा, ५४ जागी घेतलेल्या आकड्यांचा. त्यांनी एक बोट इकडे ठेवलं, एक तिकडे. डोळ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे वरचे धागे गेले की खालची नजर जाते. इकडे टेकडी वरची खचली होती, तिकडे करडा डाग खालच्या अर्ध्यात, नाकाच्या बाजूला होता, आणि मधल्या आडव्या रेषेपाशी येऊन एकदम थांबला होता. धागे त्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी वेगवेगळे येतात, तिला ओलांडत नाहीत, म्हणून काचबिंदूचा डाग असा बांधावर अडल्यासारखा अडतो. दुसऱ्या कशानं आलेला डाग बऱ्याचदा असा अडत नाही. “दोन्ही कागद एकाच जागेकडे बोट दाखवतायत, काका,” मॅडम म्हणाल्या, “त्यामुळे शंका नाही. पण इथं बघा.” फील्डच्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, फॉल्स पॉझिटिव्ह, २२ टक्के. खोटे होकार. ते १५ च्या वर गेले की कागदावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. “म्हणजे फील्ड आहे त्यापेक्षा बरं दिसत असणार.”

अण्णा दोन्ही कागदांकडे वाकून बघत होते. मला वाटलं ते ऐकत नाहीयेत.

“हा सातबारा आहे,” ते म्हणाले.

मॅडम थांबल्या. अण्णांनी ओसीटीच्या कागदावर हात ठेवला. “हा सात. क्षेत्र किती, कुणाच्या नावावर किती. हे मोजणीवाला साखळी टाकून सांगतो, त्यात रान मालकाला काय वाटतं याचा संबंध नाही. आणि हा खाली जोडलेला बारा. त्या रानात उभं काय आहे. ते बांधावर जाऊन बघावं लागतं. सात चोख आणि रान पड, असं असतं. बारावर ऊस लिहिलाय आणि सातावर तेवढं क्षेत्रच नाही, असंही मी पाहिलंय. म्हणून तर एका कागदावर छापतात.” मग हात काढून घेतला आणि मॅडमकडे न बघता म्हणाले, “आणि यातला बारा मी खोटा भरलाय.”

खोलीत दोन क्षण कुणी बोललं नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. “काका, तुम्हाला आत कुणी सांगितलं का, की यातले निम्मे दिवे दिसायचे नसतातच?” अण्णांनी मान हलवली. मलाही ते माहीत नव्हतं. मशीन दिवा दिसतो का नाही हे विचारत नाही, किती मंद दिवा जेमतेम दिसतो ते शोधत असतं. दिसला की पुढचा आणखी मंद करतं, नाही दिसला की थोडा वाढवतं, अशी चाचपणी करत दिसण्या-न-दिसण्याच्या काठावर येऊन थांबतं. त्यामुळे चांगली नजर असलेल्या तरण्या माणसालाही जवळजवळ निम्मे दिवे दिसत नाहीत. लांब शांतता पडते ती सगळ्यांनाच. आणि खोटं दाबलेलं पकडतं कसं, तर दिवा लागल्यावर माणसाच्या अंगठ्याला हलायला काही वेळ लागतोच. त्याच्या आत किंवा दिवाच नसताना बटण आलं की मशीन ते वेगळं मोजतं. मुद्दाम वेगळे सापळे लावून तपासणी लांबवायची गरज उरू नये म्हणून स्वीडनमधल्या माल्मोच्या डॉक्टर हाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ही रीत बसवली. अण्णा सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, “हे आधी सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, मी नापास होतोय.” ७४ वर्षांचा माणूस. मी शिक्षिका आहे. परीक्षेच्या वर्गात न येणाऱ्या प्रश्नापुढे काहीतरी लिहून ठेवणारी मुलं मी २० वर्षं बघतेय, त्यांच्या कपाळावरचा घाम मला ओळखू येतो. पडद्याबाहेर बसून मला बापाचा ओळखू आला नाही.

त्यानंतर मी हा विषय मिळेल तिथून वाचत गेले. वाचून भीती कमी होते असं नाही, पण हातांना काम मिळतं. १८८९ च्या सुमाराला कोपनहेगनमध्ये ब्येरुम नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराची मागची बाजू वापरली. रोग्याला समोर बसवायचं, नजर मध्यावर, आणि काठीच्या टोकाला लावलेला छोटा पांढरा ठिपका दारावरून सरकवत न्यायचा. दिसतो? दिसतो. आता? नाही. आता? पुन्हा दिसतो. अशा होय-नाहीमधून त्यांना नजरेत कमानीसारखी एक पडीक पट्टी सापडली, आंधळ्या ठिपक्यापासून निघून मध्याला वळसा घालणारी. अण्णांच्या कागदावर तीच कमान आहे. त्या काळी धाग्यांची जाडी मोजणारं काही नव्हतं. एका माणसानं दुसऱ्याला शांतपणे विचारायचं आणि दुसऱ्यानं खरं सांगायचं, एवढ्यावर सगळं उभं होतं. आता मोजणी आहे म्हणून विचारायची गरज संपली असं मला आधी वाटलं होतं. तसं होत नाही. सुरुवातीला बऱ्याच वेळा धागे पुष्कळ गेलेले असतात आणि फील्ड स्वच्छ असतं, कारण उरलेले धागे काम ओढून नेतात. तेव्हा ओसीटी आधी बोलतं. पण काही डोळ्यांत उलटं होतं, खूण फील्डवर आधी उमटते. आणि रोग फार पुढं गेला की ओसीटी मुकं होतं. जाडी साधारण ५० मायक्रॉनपर्यंत उतरते आणि तिथंच राहते, शून्य होत नाही, कारण रक्तवाहिन्या आणि धाग्यांना धरून ठेवणारा पेशींचा भराव मागे राहतोच. मोजणीच्या कागदावर आणखी काही घटत नाही आणि नजर मात्र घटत असते. त्या टप्प्यावर पुन्हा माणसाच्या अंगठ्यावरच भिस्त.

काचबिंदू घराण्यात उतरतो. आईबाप किंवा भावंडांपैकी कुणाला असेल तर तपासून घ्यावं लागतं. अण्णांनी त्यांच्या वळणदार अक्षरात भावकीतल्या चाळिशीपुढच्या नऊजणांची यादी केली, वय आणि फोन नंबरसह, आणि एकेकाला फोन करून पिच्छा पुरवला. धाकटे काका आधी म्हणाले, मला सगळं दिसतंय. अण्णा म्हणाले, मलाही दिसत होतं. आपल्या देशात चाळिशीपुढच्या १ कोटी १२ लाख माणसांना काचबिंदू असावा असा २०१० मधला अंदाज आहे, आणि दक्षिणेत गावोगाव फिरून केलेल्या पाहण्यांत ज्यांना तो निघाला त्यातल्या दहांतल्या नऊंहून अधिक जणांना तोवर पत्ताच नव्हता. यादीतल्या नऊपैकी सातजण तपासून आले. त्यातल्या एका आत्याला थेंब सुरू झाले. यादीत दुसरं नाव माझं होतं.

माझं ओसीटी लाल आलं. दोन्ही डोळ्यांत, वर आणि खाली. त्या मुलीनं कागद हातात दिला आणि मी बाकावर बसूनच राहिले. एक टक्का निरोगी लोकांचीच जाडी इतकी कमी असते, असा त्या लालचा अर्थ. दोन रात्री मी एकेक डोळा झाकून घर बघत होते. देव्हारा, खुंटीवरची पर्स, खिडकीचा कोपरा. मला चौथीपासून चष्मा आहे आणि आता नंबर उणे सात आहे. फील्ड टेस्ट दोन दिवसांनी होती. आत बसले, हनुवटी टेकवली, पडदा ओढला गेला. मला सगळं ठाऊक होतं. निम्मे दिसत नाहीत हेही. तरी एक शांतता लांबली, आणखी लांबली, आणि माझा अंगठा शिवशिवायला लागला. त्या पांढऱ्या पोकळीत एकटेपणा फार असतो. आपलाच श्वास परत येऊन गालावर लागतो. आपण जिवंत आहोत, जागे आहोत, हे कुणाला तरी कळवावंसं वाटतं, आणि हाताशी फक्त ते बटण असतं. मी दाबलं. काही दिसलं नव्हतं.

रसवंतीत अण्णा मला काय सांगत होते ते मला तिथं, त्या मशीनमध्ये तोंड घालून बसल्यावर कळलं.

माझं फील्ड स्वच्छ निघालं. मॅडमनी पुन्हा दोन बोटं दोन कागदांवर ठेवली आणि यावेळी ती जुळली नाहीत. इकडे लाल, तिकडे त्या जागी काहीच नाही. उणे नंबरचा डोळा मागं लांबलेला असतो. त्यात धाग्यांच्या जुड्या कानाच्या बाजूला सरकून येतात. टेकड्या असतात, पण नेहमीच्या जागी नसतात, आणि मशीन नेहमीच्या जागीच त्या शोधतं, कारण ज्या लोकांशी तुलना करायला त्याला शिकवलंय त्यात माझ्यासारखे डोळे फार थोडे. मोजणीतली साखळी बरोबर होती, तिनं धरलेली हद्दीची खूण माझ्या रानाची नव्हती. दर वर्षी बघू, बदल होतोय का तेवढं पाहायचं, असं ठरलं. त्यामुळे मी आता ना निरोगी आहे, ना रोगी. काही न विचारणारं मशीन मला अण्णांसारखंच आवडलं होतं. आता त्याच्या लाल पट्टीकडे मी सावधपणे बघते, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वच्छ फील्डकडेही.

अण्णांचे थेंब रोज रात्री नऊला. मी फोन करते, ते म्हणतात, “घातले.” एका वहीत रकाने आखलेत, तारीख, डावा, उजवा, सही. प्रेशर २७ वरून १५ वर आलंय. एकेका अंकाची घट रोग पुढं सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी उतरवते, असं स्वीडनमध्येच झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २००३ मध्ये दिसलं. मी तो आकडा अण्णांना सांगितला आणि त्यांनी तो वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवला. गेलेलं येणार नाही हे त्यांनी फार चटकन मान्य केलं, माझ्यापेक्षा चटकन. बांध कोरणारा शेजारी दरवर्षी नांगराचं एकच तास जास्त घेतो, ते म्हणाले, ज्या वर्षी लक्षात येतं त्या वर्षापासून खुंट रोवायचा. जिन्याच्या शेवटच्या पायरीला आम्ही पिवळी पट्टी चिकटवली. चहा ते आता जमिनीवर बसून घेतात.

दुसरी फील्ड टेस्ट सहा महिन्यांनी झाली. या वेळी मी त्यांच्याबरोबर आत गेले, पडदा ओढायच्या आधी खुर्चीजवळ उकिडवी बसले आणि सगळं नीट सांगितलं. अर्धे दिसणार नाहीत. शांतता पडेल. थकलात तर बटण दाबून धरा, मशीन थांबतं. घाई नाही. त्यांनी शाळकरी पोरासारखी मान हलवली. बाहेर बाकावर मी वह्या काढल्याच नाहीत. टक्. टक्. मग शांतता. मग आणखी शांतता. पंखा करकरत होता. ‘दाबा’ असं मी एकदाही मनात म्हटलं नाही; म्हणू नये म्हणून साडीचा पदर बोटाला गुंडाळत राहिले, बोट पांढरं पडेपर्यंत.

खोटे होकार २ टक्के. आणि उजव्या डोळ्याचा एकूण उणेपणा, म्हणजे निरोगी नजरेच्या मानानं सरासरी किती कमी दिसतं तो आकडा, आधीच्या कागदावर ७ होता तो आता ९ झालेला. करडा डाग गडद झाला होता आणि मध्याच्या आणखी जवळ आला होता. माझ्या पोटात खड्डा पडला. ओसीटीत मात्र मायक्रॉनचा फरक नव्हता, तीच टेकडी, तेवढीच खचलेली. मॅडमनी दोन्ही कागद जुळवून पाहिले आणि पहिलं फील्ड फाइलमधून काढून बाजूला ठेवलं. “हे वाढलेलं नाही. हे इतकं आधीपासून होतंच. आजचं पहिलं धरू, पुढच्या महिन्यात आणखी एक घेऊ आणि त्यावरून पुढं मोजू.” मला आनंद व्हायला हवा होता. कागद खरा झाला होता आणि बापाची नजर सहा महिन्यांपूर्वी मला वाटली होती त्यापेक्षा कमी होती, या दोन्हींचं काय करायचं ते मला कळेना.

बाहेर पुन्हा ऊन. रसवंतीत तीच जागा मिळाली. अण्णांनी फाइलमधून नवा कागद काढला, गुडघ्यावर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून पेला त्याच्या कोपऱ्यावर ठेवला. ठेवताना आधी डाव्या हातानं जागा चाचपली. मग खिशातलं बॉलपेन काढलं. त्या गडद भागाच्या शेजारी, समासात, बारीक अक्षरात लिहिलं, ‘पड’. खाली तारीख घातली आणि आखूड सही केली.

मी काही म्हटलं नाही. चरकावरचे घुंगरू वाजत होते.